जुन्या रिसीव्हरची पारख

कोल्हापूरच्या पावसाळ्यात घरातली बंद कपाटे एकदा तरी उघडून पाहावीच लागतात. नाहीतर बुरशी ती आपल्याआधी उघडते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका जुलैत वडिलांची लोखंडी ट्रंक उघडली. आत साठ-पासष्ट तबकड्या होत्या. वरच्या काहींच्या वेष्टनांवर पांढुरके ठिपके उमटले होते. पण तबकड्या शाबूत होत्या. आई शेजारी येऊन बसली आणि तिने एवढेच विचारले, "यातलं काही ऐकता येईल का रे?"

प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे निघाले नाही. टर्नटेबल दुरुस्त झाले. पण तबकडीवर फिरणाऱ्या सुईकडून येणारा विजेचा संकेत इतका क्षीण असतो, की त्याला स्पीकरपर्यंत पोहोचवायला मध्ये एक समर्थ यंत्र लागते. ते यंत्र म्हणजे रिसीव्हर. महिन्याभरात पाहण्यात दोन संच आले. दोन्ही जपानी, दोन्ही सत्तरच्या दशकातले. एक होता तीस वॅटचा, आखातातून परतलेल्या कुटुंबाच्या माडीवर वर्षानुवर्षे धूळ खात पडलेला. दुसरा शंभराहून अधिक वॅटचा, विक्रेत्याने घासूनपुसून, नवी लाकडी पेटी चढवून मांडलेला. दोहोंतला एकच घेण्याची ऐपत होती. ही निवड करताना जे शिकायला मिळाले, ते याच वळणावर उभ्या असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रिसीव्हर म्हणजे नेमके काय?

नावावरून हा रेडिओ वाटतो आणि अंशतः तो रेडिओ असतोही. एकाच पेटीत तीन यंत्रे असतात. रेडिओ लहरी पकडणारा ट्यूनर, सुईचा क्षीण संकेत वाढवून सुधारणारा फोनो विभाग आणि स्पीकरला बळ देणारा पॉवर ॲम्प्लिफायर. यातला फोनो विभाग तबकड्या असणाऱ्यांसाठी कळीचा. तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दबलेले आणि तार सप्तकाचे स्वर मुद्दाम उचललेले ठेवतात. वाजवताना नेमके उलटे करावे लागते. या उलटसुलट हिशेबाचे एक प्रमाण १९५४ च्या सुमारास अमेरिकेत ठरले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. आजच्या अनेक स्वस्त ॲम्प्लिफायरांत हा विभागच नसतो. सत्तरच्या दशकातल्या रिसीव्हरांत तो सहसा असतोच, आणि बहुधा उत्तम असतो.

तो काळच या यंत्रांचा सुवर्णकाळ होता. न्यूयॉर्कजवळ सॉल मॅरान्ट्झ यांनी १९५३ मध्ये सुरू केलेली कंपनी १९६४ मध्ये विकली गेली आणि पुढे तिचे रिसीव्हर जपानमध्ये बनू लागले. ट्रान्सफॉर्मर बनवणारी म्हणून जन्मलेली सॅन्सुई, स्पीकरपासून सुरुवात केलेली पायोनिअर, वाद्यांच्या व्यवसायातून आलेली यामाहा, काही देशांत ट्रायो या नावाने ओळखली जाणारी केनवुड अशा कंपन्यांत तेव्हा चढाओढ लागली होती. पायोनिअरचा एसएक्स-१२५० हा १९७६ मध्ये आलेला संच दर चॅनेलला १६० वॅटचा होता. दोनच वर्षांत आलेल्या एसएक्स-१९८० ने तो आकडा २७० वर नेला. घरच्या दिवाणखान्यात एवढ्या शक्तीची गरज कोणालाच नव्हती. ती स्पर्धा आकड्यांची होती. मात्र त्या स्पर्धेपायी भरभक्कम ट्रान्सफॉर्मर, जाड ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि दुरुस्त करता येतील असे सुटे भाग या संचांत आले, आणि त्याचा लाभ पन्नास वर्षांनंतर आपण घेत आहोत.

आपल्याकडे तेव्हा आयातीवर कडक बंधने होती. त्यामुळे हे संच आले ते बहुतांशी आखातातून वा परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून. सर्वसामान्य घरांत फिलिप्स, कॉस्मिक, सोनोडाईन यांचीच यंत्रे असत. हे भारतीय संच आजही उपेक्षू नयेत: ते आपल्याच विजेसाठी बनलेले आहेत.

पहिला प्रश्न विजेचा

जुना संच समोर आला की लोक आधी त्याची तबकातली निळी-हिरवी रोषणाई पाहतात. पाहावी ती मागची बाजू. तिथे किती व्होल्ट लिहिले आहे? आपली वीज २३० व्होल्टची. अमेरिकेसाठी बनलेला संच १२० व्होल्टचा आणि खास जपानसाठीचा १०० व्होल्टचा असतो. असा संच थेट आपल्या पिनेत लावला तर फ्यूज उडणे हे त्यातले सर्वांत कमी नुकसान. परदेशी विक्रीसाठी बनलेल्या काही संचांना मागे व्होल्टेज बदलण्याची सोय असते. ती असेल तर संचाचे मोल आपल्यासाठी वाढते.

नसेल तर वीज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची क्षमता संचाच्या मागे लिहिलेल्या विजेच्या खपाच्या किमान दीडपट, शक्यतो दुप्पट असावी. बाजारात मिळणारे हलके ट्रान्सफॉर्मर बहुधा एकाच वायंडिंगचे असतात. त्यात मूळ वीज आणि संच यांच्यात पूर्ण विलगता राहत नाही. दोन स्वतंत्र वायंडिंगचा जड ट्रान्सफॉर्मर घेणे सुरक्षित. शिवाय घरात उद्या कोणी पाहुण्याने संचाची पिन काढून थेट भिंतीत लावू नये, यासाठी तिच्यावर ठळक चिठ्ठी लावून ठेवावी.

संचाबरोबर टर्नटेबलही परदेशातून आले असेल तर आणखी एक खोडा आहे. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. जुन्या टर्नटेबलांतील अनेक मोटारी या आवर्तनांच्या तालावर फिरतात. तिथली तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेई, ती इथे २८ च्या आतच अडकते. परिणाम असा, की काळी चारमध्ये गाणारी गायिका जवळजवळ पांढरी चारमध्ये उतरते आणि मध्यलय पाय ओढू लागते. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर हा दोष दूर करू शकत नाही. त्यासाठी ५० आवर्तनांची कप्पी वा वेगळी मोटार लागते. क्वार्ट्झ नियंत्रणाच्या थेट चालणाऱ्या टर्नटेबलांना मात्र ही अडचण नसते.

वॅटचा भ्रम

शंभर वॅटचा संच तीस वॅटच्या संचापेक्षा तिप्पट मोठा वाजेल, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात आणि शक्ती दुप्पट केली की जेमतेम ३ डेसिबलची वाढ मिळते. साधारण प्रतीचा स्पीकर एक वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो असे धरू. मग ३२ वॅटवर तो १०३ देईल आणि ६४ वॅटवर १०६. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. दहा बाय बाराच्या खोलीत ख्याल ऐकताना प्रत्यक्ष खर्च होते ती एखाद-दोन वॅट शक्ती. उरलेली राखीव असते, ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी.

आकडा पाहताना सालही पाहावे. साठच्या दशकात कंपन्या 'म्युझिक पॉवर' यांसारख्या नावांनी फुगवलेले आकडे छापत. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७४ मध्ये नियम करून दोन्ही चॅनेल सतत चालू ठेवून मोजलेली शक्तीच जाहिरातीत द्यावी, असे बंधन घातले. त्यानंतरचा तीस वॅटचा आकडा त्याआधीच्या साठ वॅटपेक्षा अनेकदा अधिक प्रामाणिक असतो.

खरी शक्ती कुठे वाढवावी, तर स्पीकरमध्ये. एक वॅटवर ८८ ऐवजी ९१ डेसिबल देणारा स्पीकर घेतला, की रिसीव्हरची शक्ती दुप्पट केल्याइतकाच लाभ होतो. आणि शहाबादी फरशी व उघड्या भिंतींच्या खोलीत एखादी सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांचे कपाट यांनी जो फरक पडतो, तो कोणत्याही बटणाने पडत नाही.

झाकण उघडून पाहा

माणसाप्रमाणे यंत्राचेही वय आतून दिसते. या संचांत वीज साठवणारे कंडेन्सर असतात. त्यांच्यातला द्राव चाळीस-पन्नास वर्षांत वाळत जातो. मग स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो, खर्ज पातळ होतो. व्हॉल्यूमची कळ फिरवताना खरखर होते, पण तिला भिण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा ती नुसत्या साफसफाईने जाते. एक चॅनेल मधूनच मंदावतो आणि आवाज वाढवला की परत येतो, तेव्हा दोष बहुधा स्पीकर जोडणाऱ्या रिलेच्या काळवंडलेल्या टोकांचा असतो. तोही बरा होण्यासारखा.

गंभीर दुखणी वेगळी. ट्रान्सफॉर्मर जळालेला असेल तर तसाच दुसरा मिळणे दुरापास्त. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काही संचांत सुट्या ट्रान्झिस्टरांऐवजी एकसंध 'एसटीके' पॅक आले. ते वाजतात चांगले. पण निकामी झाले तर अस्सल पॅक मिळणे कठीण आणि बाजारात नकली फार. म्हणून आपल्या संचात काय आहे, ते घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

जाणकार कारागीर अनोळखी संच कधीही थेट विजेला लावत नाही. तो सिरीज बोर्डवर, म्हणजे वाटेत जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब ठेवून लावतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर गाणे न लावता, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज पाहतात. ते काही दहा मिलिव्होल्टच्या आत असावे. शेकड्यांत गेले तर तो संच तुमचा स्पीकर जाळू शकतो. बऱ्याच संचांत सुरू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो; तो रिलेचा, आणि तो शुभसूचक होय. एक इशारा मात्र आवर्जून: पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत वीज राहते. हौसेने आत बोट घालू नये.

कोल्हापूर, सांगली परिसरातल्या ग्राहकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी असंख्य घरांत शिरले. पाण्यात बुडालेली यंत्रे पुसून-वाळवून पुन्हा बाजारात येऊ शकतात. तळाच्या स्क्रूंवरचा गंज, ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी मातीची बारीक रेघ, फुगलेले लाकूड, पुठ्ठ्यासारखा वास ही त्यांची लक्षणे. असा संच आज वाजेल, पण किती दिवस, याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

आपल्या तबकड्यांना काय हवे?

परदेशी शिफारशी वाचताना एक विसर पडतो: त्या लिहिणारे वेगळे संगीत ऐकत असतात. आपल्या ट्रंकेत काय आहे, हे आधी पाहावे. कोल्हापूरच्या घरांत ते बहुधा गाणे असते, म्हणजे माणसाचा आवाज. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने या शहरात राहिले आणि देवल क्लबसारख्या संस्थांमुळे गाणे इथल्या मध्यमवर्गाच्या अंगणात आले. पण खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज तबकडीवर उतरलेला नाही. त्यांची गायकी आपल्याला ऐकू येते ती पुत्र मंजीखाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या तबकड्यांतून, आणि पुढे मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्यांच्या. केसरबाईंची एक भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेली. या रिसीव्हरांच्या भरभराटीचे वर्षही नेमके तेच.

या जुन्या मुद्रणांपैकी अनेक ७८ फेऱ्यांची, सगळी एकाच चॅनेलची. म्हणून रिसीव्हरवर 'मोनो' ही कळ असणे आपल्यासाठी चैनीची बाब नाही. ती दाबली की सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर बरीच विरते आणि आवाज मधोमध स्थिर होतो. तशीच 'हाय' आणि 'लो' फिल्टरांची कळ. पहिली घासलेल्या तबकडीची सळसळ कमी करते, दुसरी टर्नटेबलची घरघर. ७८ च्या काळात प्रत्येक कंपनीचे उचल-दाबीचे प्रमाण निराळे असे. त्यामुळे बास-ट्रेबलच्या कळा हाताशी हव्यात; मॅरान्ट्झच्या २२७० सारख्या संचांत मधल्या स्वरांसाठीही स्वतंत्र कळ आहे, आणि गळा राहतो तो याच मधल्या पट्ट्यात. यामाहाच्या सीआर मालिकेत 'लाउडनेस' हळूहळू कमी-जास्त करता येते; रात्री हलक्या आवाजात ऐकणाऱ्याला तंबोऱ्याचा खर्ज हरवू न देण्याची ती चांगली युक्ती. मात्र ७८ च्या तबकडीला तिची वेगळी, रुंद सुईच लावावी. एलपीची सुई तिच्या खाचेत तळाशी लोळते आणि नुसती खरखर उचलते.

आणि रेडिओचे काय?

संच खास जपानसाठी बनलेला असेल तर त्याची एफएम पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झची असते. आपली केंद्रे ८८ ते १०८ मध्ये. म्हणजे पट्टीवर दिवा लागतो, काटा फिरतो, पण हाती शांतताच येते. अमेरिकेसाठीच्या संचात पट्टी जुळते. फक्त तिथले ट्यूनर उंच स्वर आपल्या प्रमाणापेक्षा थोडे अधिक दाबतात, ते ट्रेबलची कळ किंचित वाढवून भरून काढता येते. युरोपीय संचांच्या मागे बहुधा पाच छिद्रांचे गोल सॉकेट असते. त्याला जोडणारी तार आधी मिळवावी. मोबाइलवरचे गाणे ऐकायचे असेल तर 'ऑक्स' वा 'टेप'च्या सॉकेटात साधी तार पुरते.

अखेरची निवड

आता त्या दोन संचांकडे. मोठ्या संचाची रोषणाई झगमगीत होती. पण मागे १२० व्होल्ट लिहिले होते. झाकण उघडायला विक्रेता आढेवेढे घेत होता. शेवटी उघडले, तेव्हा दोन चॅनेलांत दोन वेगवेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर दिसले आणि काही जागी सोल्डरचे नवे गोळे. दुरुस्ती झाली होती, पण कोणी, कधी, का, याचे उत्तर नव्हते. लहान संचावर धुळीचा थर होता, व्हॉल्यूमची कळ खरखरत होती, दोन दिवे गेले होते. मात्र मागे २२० व्होल्टची सोय होती आणि आतला एकही स्क्रू कोणी हलवलेला दिसत नव्हता. ज्या कुटुंबाने तो आणला, त्यांना आणल्याचे साल आणि बंद ठेवल्याचे साल, दोन्ही सांगता आले.

आम्ही लहान संच घेतला. ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवला होता. तो जवळजवळ पुरा खर्च झाला. कंडेन्सर बदलले, कळा धुतल्या, रिले साफ केला. हे काम ज्या कारागिराने केले, त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही. जुना रिसीव्हर घेताना खरी चिंता करावी ती हीच. संच आणखी वीस वर्षे चालेल. त्याला उघडून समजून घेणारा हात तोवर शहरात राहील का? म्हणून पारखीचा एक अधिक नियम सांगावासा वाटतो: आधी कारागीर शोधा, मग संच. आणि त्याच्याकडे जाताना घरातल्या एखाद्या उत्साही मुलाला सोबत न्या.

निवड करताना क्रम असा ठेवावा: वीज, संचाचा इतिहास, आतली स्थिती, आपल्या संगीताला लागणाऱ्या कळा, आणि सर्वांत शेवटी कंपनीचे नाव व वॅट. विकत घेण्यापूर्वी ओळखीची एक तबकडी सोबत नेऊन किमान अर्धा तास ऐकावे. कारण अनेक दोष यंत्र तापल्यावरच बोलू लागतात. संच आणल्यावर वरच्या जाळीवर कापड वा फुलदाणी ठेवू नये, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडावे आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवावा. यंत्राची ऊब दमटपणाला थोपवते.

पहिल्या संध्याकाळी आईने निवडली ती बाबूजींची तबकडी. सुधीर फडके कोल्हापुरात जन्मलेले, त्यामुळे त्यांच्यावर तिचा माहेरचा हक्क आहे. व्हॉल्यूमची कळ घड्याळातल्या नऊच्या काट्यापर्यंतही गेली नव्हती. तरी दुसऱ्या कडव्याला तिने हात वर करून सांगितले, "थोडा कमी कर. ते इथेच बसून गातायत."